संरक्षण मंत्रालय नेमकं काय करतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धाची बातमी आली की रणगाडे दिसतात, विमानं दिसतात, सेनापती बोलताना दिसतात. त्यांच्या मागचं खातं मात्र क्वचितच दिसतं. खाली तेच प्रश्न घेतले आहेत जे लोक पुन्हा पुन्हा विचारतात. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना जागा द्यावी लागली.

संरक्षण मंत्रालय म्हणजेच सैन्य का?

नाही. सैन्य लढतं. मंत्रालय ठरवतं की सैन्य किती मोठं असावं, त्याला पैसा किती मिळावा, कोणती शस्त्रं घ्यावीत, माणसं कशी भरती करावीत आणि या सगळ्याचा जाब संसदेत कोण देईल. मंत्रालयात गणवेशातले अधिकारी असतात, तसेच साध्या कपड्यांतले सचिव, हिशेबनीस, अभियंते, वकील आणि डॉक्टरही असतात.

नाव सारखं असलं तरी अधिकार सगळीकडे सारखे नसतात, हेही ध्यानात ठेवावं. चीनमध्ये राष्ट्रीय संरक्षण मंत्रालय आहे, पण सैन्याची सूत्रं केंद्रीय लष्करी आयोगाच्या हातात असतात. परदेशी सैन्यांशी भेटीगाठी, बैठका अशी कामं मंत्रालयाकडे येतात. म्हणून एखाद्या देशाचा संरक्षण मंत्री काही बोलला की आधी पाहायचं ते हे, की त्या देशात त्या खुर्चीला खरा अधिकार किती.

मग युद्धाचा हुकूम देतं कोण?

बहुतेक लोकशाही देशांत हा निर्णय राष्ट्रप्रमुख किंवा मंत्रिमंडळ घेतं आणि मंत्रालय तो अमलात आणतं. भारतात राज्यघटनेच्या ५३ व्या कलमानुसार सैन्यदलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असतं, पण निर्णय मंत्रिमंडळाचा असतो. अमेरिकेत हुकूम राष्ट्राध्यक्षांकडून संरक्षण मंत्र्यांकडे आणि तिथून थेट प्रादेशिक सेनापतींकडे जातो. दलांचे प्रमुख सल्ला देतात. १९८६ च्या कायद्यापासून ते या हुकुमाच्या साखळीत नाहीत.

जर्मनीची व्यवस्था मला सगळ्यांत विचारपूर्वक केलेली वाटते. शांततेच्या काळात सैन्याचं आधिपत्य संरक्षण मंत्र्याकडे, आणि देशावर हल्ला झाल्याचं जाहीर झालं की ते चॅन्सलरकडे. शिवाय १९९४ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने निकाल दिला की सशस्त्र मोहिमेवर सैन्य परदेशी पाठवायचं तर संसदेची मंजुरी हवी. म्हणजे मंत्र्याला सही करण्याआधी सभागृहात उभं राहून कारण सांगावं लागतं.

तिन्ही दलांसाठी एकच मंत्रालय कशाला? पूर्वी तर वेगवेगळी खाती होती.

होती, आणि त्याची किंमत सैनिकांनी मोजली. १८५४-५५ च्या हिवाळ्यात क्रिमियात ब्रिटिश सैन्य रशियाच्या सेवास्तोपोल बंदराला वेढा घालून बसलं होतं. त्या सैन्याचा कारभार तेव्हा कितीतरी कचेऱ्यांत विखुरलेला होता. शिधा आणि वाहतुकीचं खातं अर्थखात्याच्या हाताखाली, तोफखाना आणि दारूगोळा एका वेगळ्या मंडळाकडे, सरसेनापतीचं कार्यालय निराळंच. बालाक्लाव्हाच्या बंदरात जहाजं माल घेऊन येत होती आणि काही मैलांवरच्या छावणीत माणसं थंडीने, उपासमारीने, रोगाने मरत होती. मधल्या चिखलातून माल वर न्यायला जनावरं उरली नव्हती, कारण जनावरांना वैरण मिळत नव्हती. सैनिकांना कॉफीचे हिरवे, न भाजलेले दाणे दिले जात होते. भाजायला ना भांडं ना सरपण. लिंबाचा रस भांडारात येऊन पडला होता आणि छावणीत त्याच रसाने बरा होणारा स्कर्व्ही हा रोग पसरला होता, कारण तो रस वाटायचा हुकूम कुणी काढलाच नाही.

यातला कुणी एक माणूस दुष्ट होता असं नाही. प्रत्येक कचेरीने आपापला नियम पाळला. संपूर्ण सैनिक मात्र कुणाच्याच ताब्यात नव्हता. एकाकडे त्याचं पोट होतं, दुसऱ्याकडे त्याची बंदूक. लोकांचा संताप एवढा वाढला की जानेवारी १८५५ मध्ये लॉर्ड अ‍ॅबर्डीन यांचं सरकार पडलं. शिध्याचं खातं युद्धखात्याकडे आलं, दारूगोळ्याचं जुनं मंडळ बरखास्त झालं.

तरी भूदल, नौदल आणि हवाई दल एका छपराखाली यायला आणखी शंभर वर्षं लागली. ब्रिटनमध्ये नौदल खातं, युद्ध कार्यालय आणि हवाई मंत्रालय १९६४ मध्ये एकत्र झाली. अमेरिकेने १९४७ मध्ये कायदा केला आणि १९४९ मध्ये त्या रचनेला संरक्षण विभाग हे नाव दिलं. स्पेनने १९७७ मध्ये आणि ब्राझीलने तर १९९९ मध्ये संरक्षण मंत्रालय स्थापन केलं. या शेवटच्या दोन देशांत लष्करी राजवट होऊन गेली होती. तिथे प्रत्येक दलाचं स्वतंत्र मंत्रालय असणं म्हणजे मंत्रिमंडळाच्या बैठकीत सेनापतींच्या राखीव खुर्च्या असणं. एकत्रीकरणामागे कारभाराची सोय होतीच, पण सत्ता कुणाच्या हातात राहणार हाही प्रश्न होता.

संरक्षण मंत्री स्वतः सैनिक असलेला बरा नाही का?

हा प्रश्न नेहमी येतो आणि त्यामागची भावना मी समजू शकतो. गोळीबार पाहिलेल्या माणसाला सैनिकाचं दुःख कळेल असं वाटतं. पण जपानचा इतिहास वाचल्यावर माझं मत बदलणार नाही इतकं पक्कं झालं.

१९०० मध्ये जपानने नियम केला की लष्करमंत्री आणि नौदलमंत्री फक्त सेवेत असलेले सेनापती आणि नौसेनापतीच होऊ शकतील. वरवर पाहता नियम शहाणपणाचा. १९१२ मध्ये लष्कराने दोन नवीन डिव्हिजन मागितल्या, पंतप्रधान साइओंजी यांच्या सरकारने पैसा नाही म्हणून नकार दिला. लष्करमंत्री उएहारा यांनी राजीनामा दिला आणि लष्कराने त्यांच्या जागी दुसरा माणूस दिलाच नाही. मंत्री नाही म्हणून मंत्रिमंडळ अपुरं, आणि मंत्रिमंडळ अपुरं म्हणून सरकार पडलं. पुढच्याच वर्षी नियम सैल केला गेला, पण १९३६ मध्ये तो परत आला. १९३७ मध्ये उगाकी यांना सरकार बनवताच आलं नाही, १९४० मध्ये योनाई यांचं सरकार त्याच मार्गाने गेलं. एक गोळीही न झाडता लष्कराच्या हाती देशाच्या धोरणाची नाडी आली, आणि ते धोरण पुढे कुठे गेलं हे जगाला ठाऊक आहे.

म्हणून १९४७ पासून लागू असलेल्या जपानच्या राज्यघटनेचं ६६ वं कलम सांगतं की पंतप्रधान आणि सगळे मंत्री मुलकीच असले पाहिजेत. अमेरिकेत नियम असा की सैन्यातून बाहेर पडून सात वर्षं, आणि सेनापतीच्या हुद्द्यावर असल्यास दहा वर्षं, झाल्याशिवाय अधिकाऱ्याला संरक्षण मंत्री होता येत नाही. सुरुवातीला ही अट सरसकट दहा वर्षांची होती, नंतर बराच काळ सातची. अपवाद करायचा तर अमेरिकी काँग्रेसने खास सूट द्यावी लागते. १९५० मध्ये मार्शल, २०१७ मध्ये मॅटिस आणि २०२१ मध्ये ऑस्टिन यांना ती मिळाली.

मुलकी मंत्र्याने डावपेच शिकवायचे नसतात. त्याने विचारायचं असतं की हे का, याला किती खर्च, यात किती माणसं जातील आणि फसलं तर पुढे काय. ज्याची बढती उत्तर देणाऱ्याच्या हातात नाही, तोच हे प्रश्न मोकळेपणाने विचारू शकतो.

युद्ध नसतं तेव्हा मंत्रालय काय करतं?

तेव्हाच सगळ्यांत जास्त काम करतं. भरती, पगार, बढत्या, बदल्या, सैनिकांची घरं, मुलांच्या शाळा, लष्करी रुग्णालयं, निवृत्तिवेतन. दारूगोळ्याची कोठारं, इंधनाचे साठे, विमानांचे सुटे भाग, सराव मैदानं, धावपट्ट्या, गोद्या. राखीव सैनिकांच्या याद्या. मित्रदेशांशी करार आणि संयुक्त सराव. स्वित्झर्लंडमध्ये तर संरक्षण, नागरी बचाव आणि क्रीडा हे तिन्ही विषय एकाच खात्याकडे आहेत.

भारतीय मंत्रालयाची रचना पाहिली तरी कामाचा पसारा कळतो. तिथे पाच विभाग आहेत: एक सर्वसाधारण संरक्षण विभाग, एक उत्पादनाचा, एक संशोधनाचा, एक माजी सैनिकांच्या कल्याणाचा आणि एक लष्करी कामकाजाचा. शेवटचा विभाग संरक्षण दल प्रमुखांच्या हाताखाली असतो. हे पद १ जानेवारी २०२० पासून प्रत्यक्षात आलं.

शस्त्रखरेदीला इतकी वर्षं का लागतात?

काही उशीर समजण्यासारखा असतो. लढाऊ विमान तीस-चाळीस वर्षं वापरायचं असतं. त्याची चाचणी हवी, स्पर्धात्मक निविदा हव्यात, दुरुस्तीची सोय हवी, वैमानिकांचं प्रशिक्षण हवं, आणि विकणाऱ्या देशाने उद्या सुटे भाग रोखले तर काय याचाही विचार हवा. खरेदीत लाच घेतली जाऊ नये म्हणून तपासणीच्या पायऱ्या असतात. त्या पायऱ्या काढून टाका म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

काही उशिराला मात्र क्षमा नाही. इराकमध्ये अमेरिकी सैनिक रस्त्याकडेला पुरलेल्या बॉम्बनी मरत होते. त्यांच्या हलक्या गाड्यांचा तळ सपाट होता, त्यामुळे स्फोटाचा सगळा जोर आत येई. तळाला इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार दिला तर तो जोर दोन्ही बाजूंना फाकतो, हे आधीपासून माहीत होतं आणि तशी वाहनं बनतही होती. फेब्रुवारी २००५ मध्ये मरीन दलाच्या रणभूमीवरच्या अधिकाऱ्यांनी अशा १,१६९ वाहनांची तातडीची मागणी केली. ती कागदोपत्री अडकली. दलांचं लक्ष भविष्यातल्या मोठ्या प्रकल्पांवर होतं. हे युद्ध संपल्यावर या अवजड गाड्यांचं करायचं काय, असा विचार चालला होता. डिसेंबर २००६ मध्ये रॉबर्ट गेट्स मंत्री झाले. मे २००७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की खात्याच्या सगळ्या खरेदीत पहिला क्रम याच वाहनांचा. त्यानंतर हजारो वाहनं रणांगणावर पोहोचली आणि असंख्य जीव वाचले.

मागणी आणि त्या निर्णयामध्ये दोन वर्षांहून जास्त काळ गेला. वाहन तेच, कारखाने तेच, पैसाही त्याच देशाचा. फरक एवढाच पडला की एका माणसाने जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली. संरक्षण मंत्रालय चांगलं की वाईट हे मला कुणी विचारलं तर मी संचलन पाहणार नाही. आघाडीवरून आलेली तातडीची मागणी किती दिवसांत सुटते ते पाहीन.

शस्त्रं बनवणं ही मंत्रालयाची जबाबदारी की कंपन्यांची?

बनवणारं कुणीही असो, गरजेच्या वेळी माल मिळेल याची काळजी मंत्रालयानेच घ्यायची. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर युरोपला हे कळून चुकलं. शीतयुद्ध संपल्यावर तोफगोळ्यांची मागणी आटली, कारखान्यांनी यंत्रं कमी केली. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला बारा महिन्यांत दहा लाख तोफगोळे द्यायचं ठरवलं. मुदत संपली तेव्हा निम्म्याच्या आसपासच गेले होते. बंद पडलेली उत्पादनाची ओळ पैसा ओतून लगेच सुरू होत नाही. कुशल कामगार लागतात, स्फोटकांचा कच्चा माल लागतो. शांततेत थोडीथोडी मागणी चालू ठेवून कारखाना जिवंत ठेवणं महाग वाटतं, पण ते मंत्रालयाचं कामच आहे.

संरक्षणावर किती खर्च योग्य?

सगळ्या देशांना लागू पडेल असा आकडा नाही. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २.७ लाख कोटी डॉलरच्या वर गेला. नाटोच्या देशांनी २०१४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांचं लक्ष्य मान्य केलं होतं. २०२५ मध्ये हेगच्या बैठकीत ते २०३५ पर्यंत ५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं. त्यातले साडेतीन टक्के थेट सैन्यासाठी आणि उरलेले दीड टक्के रस्ते, पूल, सायबर सुरक्षा अशा पूरक कामांसाठी.

टक्केवारीपेक्षा आतली वाटणी पाहावी. पगार आणि निवृत्तिवेतनातच बहुतेक पैसा गेला तर नवीन साहित्याला उरत नाही. सगळा पैसा नव्या जहाजांवर गेला तर त्यांच्या दुरुस्तीला उरत नाही आणि जहाजं धक्क्याला लागून राहतात. हिशेब लागणं हाही मोठाच प्रश्न आहे. अमेरिकेच्या संरक्षण विभागाची पहिली संपूर्ण हिशेबतपासणी २०१८ मध्ये झाली. तेव्हापासून २०२४ पर्यंत दरवर्षी तपासणी झाली आणि एकदाही विभाग तीत उत्तीर्ण झाला नाही. चोरी झाली असा याचा अर्थ होत नाही. काय कुठे आहे आणि त्याची किंमत किती हे पुराव्यानिशी दाखवता येत नाही, एवढा होतो. पण कोठारात काय आहे हे ज्याला सांगता येत नाही, तो युद्धात ते वेळेवर पाठवणार कसं?

धोरण ठरवणं म्हणजे नेमकं काय? त्याने फरक पडतो का?

दर काही वर्षांनी मंत्रालय आढावा घेतं: धोका कुठून आहे, कशावर खर्च करायचा, काय बंद करायचं. कागदावर रुक्ष वाटणारी ही कामं फार दूरवर पोहोचतात. जून १९८१ मध्ये ब्रिटनचे संरक्षण मंत्री जॉन नॉट यांनी काटकसरीचा आढावा मांडला. त्यात दक्षिण अटलांटिकमधलं एन्ड्युरन्स हे एकमेव गस्ती जहाज काढून घ्यायचं ठरलं. इन्व्हिन्सिबल ही विमानवाहू नौका ऑस्ट्रेलियाला विकायचं पुढे जाहीर झालं. एन्ड्युरन्सवरची बचत मोठी नव्हती, पण अर्जेंटिनाने त्यातून अर्थ काढला की ब्रिटनला तिथल्या आपल्या फॉकलंड बेटांची फारशी पर्वा नाही. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने त्या बेटांवर सैन्य उतरवलं.

मग त्याच मंत्रालयाने काही दिवसांत आठ हजार मैलांवर आरमार पाठवलं. प्रवासी आणि मालवाहू जहाजं ताब्यात घेतली, क्वीन एलिझाबेथ २ सारख्या आलिशान जहाजातून सैनिक नेले. विकायला काढलेली इन्व्हिन्सिबलही त्या ताफ्यात होती. ७४ दिवसांनी युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनचे २५५ आणि अर्जेंटिनाचे ६४९ लोक गेले होते. इन्व्हिन्सिबलची विक्री रद्द झाली. एकाच खात्याची चूक आणि एकाच खात्याचं कौशल्य इतक्या जवळजवळ क्वचितच दिसतं.

सीमा, किनारा, पोलीस हेही संरक्षण मंत्रालयाकडेच असतं का?

देशानुसार बदलतं. भारतात सीमा सुरक्षा दल गृह मंत्रालयाकडे आणि तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाकडे आहे. अमेरिकेत तटरक्षक दल २००३ पासून अंतर्गत सुरक्षेच्या खात्याकडे आहे. फ्रान्सचं जाँदार्मेरी हे पोलिसी काम करणारं दल सैन्याचा भाग असूनही २००९ पासून गृहखात्याच्या हाताखाली चालतं. सर्वसाधारण तत्त्व हे की स्वतःच्याच नागरिकांवर रोज वचक ठेवायचं काम सैन्याला देऊ नये.

पूर, भूकंप आला की सैन्य का बोलावतात?

कारण माणसं, वाहनं, हेलिकॉप्टर, पूल बांधणारे अभियंते आणि फिरती रुग्णालयं एकत्र तयार असलेली दुसरी संस्था सहसा नसते. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानने स्वसंरक्षण दलांचे सुमारे एक लाख जवान मदतीला लावले. अशा वेळी सूत्रं मुलकी प्रशासनाकडे राहावीत आणि काम संपलं की जवानांनी बराकीत परतावं, हे पाहणं मंत्रालयाचं काम.

युद्धाचे कायदे पाळले जातात की नाही हे कोण पाहतं?

पहिली जबाबदारी मंत्रालयाचीच. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारात दोन महत्त्वाची कलमं आहेत. ३६ वं सांगतं की नवीन शस्त्र घेताना ते आंतरराष्ट्रीय कायद्यात बसतं का हे तपासा. ८२ वं सांगतं की सेनापतींना सल्ला द्यायला कायदेतज्ज्ञ उपलब्ध ठेवा. ज्या देशांनी हा करार स्वीकारला त्यांच्या मंत्रालयांवर हे बंधन आहे. लक्ष्य निवडताना शेजारी वकील बसलेला असणं काही लोकांना विचित्र वाटतं. मला ते सैनिकाच्याही हिताचं वाटतं, कारण बेकायदेशीर हुकूम पाळल्याचं ओझं शेवटी त्याच्याच डोक्यावर येतं.

सगळं गुप्त ठेवणं गरजेचंच असतं ना?

मोहिमेची वेळ, शस्त्राचे गुणधर्म, खबऱ्यांची नावं गुप्तच हवीत. स्वतःच्या चुका झाकायला मात्र गुप्ततेचा शिक्का वापरता कामा नये. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी संरक्षण मंत्री मॅक्नामारा यांनीच १९६७ मध्ये त्या युद्धाचा अंतर्गत अभ्यास करायला सांगितला. १९७१ मध्ये तो वृत्तपत्रांत फुटला तेव्हा लोकांना कळलं की सरकार त्यांना सांगत होतं एक आणि आत माहीत होतं वेगळंच. छपाई थांबवायची सरकारची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी फेटाळली.

सैन्य नसलेले देश आहेत का?

आहेत. कोस्टारिकाने १ डिसेंबर १९४८ रोजी सैन्य रद्द केलं आणि १९४९ च्या राज्यघटनेच्या १२ व्या कलमात ते लिहून ठेवलं. आइसलँडला स्वतःचं खडं सैन्य नाही, पण तो नाटोचा सदस्य आहे. संरक्षणाचा प्रश्न मात्र त्यांनाही सुटत नाही. तो पोलीस, तटरक्षक दल आणि मित्रदेश यांच्यात वाटला जातो.

सैनिकावर अन्याय झाला तर त्याने जावं कुठे?

वरिष्ठांकडे, मग लष्करी न्यायव्यवस्थेकडे, हा नेहमीचा रस्ता. पण तक्रार वरिष्ठाविरुद्धच असेल तर? जर्मनीने १९५६ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून संसदेचा सैन्यविषयक आयुक्त नेमायची तरतूद केली. कुठलाही सैनिक वरिष्ठांना न विचारता या आयुक्तांना थेट पत्र लिहू शकतो. दरवर्षी संसदेपुढे अहवाल येतो आणि त्यात गळकी बराक, अपुरे कपडे, छळ, सुट्या भागांचा तुटवडा हे सगळं उघडपणे छापलं जातं. ही पद्धत प्रत्येक देशाने उचलावी असं मला मनापासून वाटतं.

युद्ध संपलं की जबाबदारी संपते का?

संपत नाही. जखमींचे उपचार, कृत्रिम अवयव, मनावरच्या आघातावर मदत, विधवांचं आणि मुलांचं निवृत्तिवेतन हे पन्नास-साठ वर्षं चालतं. काही देशांत यासाठी वेगळं खातं असतं, पण कागदपत्रं संरक्षण मंत्रालयातूनच निघतात. एक नोंद चुकली तर कुटुंबाचे हाल होतात.

आणि बेपत्ता झालेले. अमेरिकेच्या संरक्षण विभागाच्या यादीत दुसऱ्या महायुद्धापासूनचे ऐंशी हजारांहून जास्त लोक अजून बेपत्ता आहेत. त्यांचा शोध घ्यायला एक स्वतंत्र संस्था आहे, हवाईत तिची प्रयोगशाळा आहे. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरमध्ये ओक्लाहोमा ही युद्धनौका उलटली आणि तिच्यावरचे ४२९ लोक गेले. बहुतेकांची ओळख पटली नाही. ते अनोळखी म्हणून होनोलुलूच्या दफनभूमीत पुरले गेले. २०१५ मध्ये त्या कबरी उघडल्या, अवशेष वेगळे केले, नातेवाइकांच्या डीएनएशी ताडून पाहिले. २०२१ पर्यंत साडेतीनशेहून जास्त जणांना त्यांची नावं परत मिळाली, आणि कित्येक घरांत मंत्रालयाचा फोन भावाला किंवा बहिणीला नाही, नातवंडांना आला.